पद्मिनीचे हेडलाइट: वायरिंगच्या नोंदी, मे-जून २०२५

३ मे, शनिवार

गाडी प्रीमियर पद्मिनी, पहिली नोंदणी १९७५. कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांडीवर, १२ व्होल्ट, निगेटिव्ह बॉडीला. चार्जिंगला डायनॅमो, अल्टरनेटर नाही. हिवाळ्यात डेंटिंग-पेंटिंग उरकलं, इंजिनाची तक्रार नाही. रात्री मात्र ही गाडी बाहेर काढायची सोय नाही.

शिवाजी पार्कच्या आमच्या गल्लीत अंधार असा कधी होतच नाही, त्यामुळे दिवे मंद आहेत हे बरेच दिवस लक्षात येत नाही. काल वरळीहून परत येताना मागच्या टॅक्सीच्या दिव्यांत माझ्याच गाडीची सावली पुढे पडलेली दिसली, म्हणजे माझ्या दिव्यांचा उजेड किती ते कळलं. आज सोसायटीच्या भिंतीसमोर उभी करून नीट पाहिलं. दोन्ही दिवे पिवळे, डावा जास्तच. डावा इंडिकेटर दिला की डावा हेडलाइट त्याच तालात फडफडतो, आणि इंडिकेटर स्वतः धड पेटतही नाही. पाच-सात मिनिटं दिवे चालू ठेवले की डॅशखाली गरम बेकलाइटचा वास येतो. चौथी तक्रार वेगळी: दोन दिवस गाडी हलवली नाही की सेल्फ कण्हतो.

चारही तक्रारींचं मूळ एकच असेल असं गृहीत धरत नाही.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकांनी सुचवलं की शंभर वॉटचे बल्ब टाका, विषय संपला. शंभरचे दोन म्हणजे जवळपास १७ अँपिअर. साठच्या दोन बल्बना १० लागतात आणि तेवढ्यालाच स्विच तापतोय. शिवाय हे बल्ब रस्त्यावरच्या नियमात बसत नाहीत ते वेगळंच. नको.

४ मे, रविवार

भाचा आला. व्हीजेटीआयला इलेक्ट्रिकलला आहे, मीटर त्याचाच. आल्या आल्या म्हणाला, "मामा, बल्ब काढून सॉकेटवर मीटर लावून बघितलंत का?" बघितलं होतं. १२.४ व्होल्ट, दोन्हीकडे. त्यावर तो हसला. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरीची एक तार जरी शिल्लक असली तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. खरी परीक्षा बल्ब पेटलेला असताना.

म्हणून सॉकेटच्या मागून पिना घालून, लो बीम चालू ठेवून, इंजिन बंद असताना घेतलेले आकडे:

बॅटरीवर १२.२. डाव्या दिव्यावर ९.८. उजव्या दिव्यावर १०.६.

मग व्होल्टची गळती कुठे आहे ते दोन भागांत शोधलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी दिव्याच्या प्लसला: दोन्हीकडे १.४. नंतर दिव्याच्या अर्थपासून (पत्र्याला जोडलेली परतीची वायर) बॅटरीच्या मायनसपर्यंत: उजवीकडे ०.२, डावीकडे १.०. हिशेब तंतोतंत जुळला. याचा अर्थ प्लसच्या वाटेत दोन्ही दिव्यांचा सामाईक आजार आहे आणि डाव्या दिव्याला वर अर्थिंगचा वेगळा आजार आहे.

बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. साधारण ३.४ व्या घाताने पडतो. १२ व्होल्टला जेवढा उजेड, त्याच्या निम्माच ९.८ ला मिळतो. उजवीकडे दोन तृतीयांशाच्या आसपास. अडीच व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण भिंतीवर फरक ढळढळीत दिसतो.

इंडिकेटरबरोबर फडफडण्याचं कोडंही यातच सुटलं. हेडलाइट, पार्किंग आणि इंडिकेटर, तिघांची अर्थिंग डाव्या मडगार्डच्या आत एकाच स्क्रूवर आहे. ती वाट अडली की हेडलाइटचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून दुसरीकडून बॅटरी गाठायला बघतो. टिळक पुलावर गाड्या अडल्या की जो तो हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून वाट काढतो, तसंच. गल्ली अरुंद, म्हणून दोघांचाही उजेड अर्धवट.

१० मे, शनिवार

लालबागचे वायरमनकाका आले. सत्तरी ओलांडलेली, सगळं आयुष्य काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या बॉनेटखाली गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून उतरली, आणि काकांचं नेहमीचं कामही त्याबरोबर उतरलं. आता बोलावलं तर येतात, चहा घेतात, पैसे विचारले की रागावतात.

त्यांच्याकडे मीटर नाही. २१ वॉटचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, टोकाला मगरचिमटे. डाव्या सॉकेटला लावला, तो लालसर पेटला. मायनसचा चिमटा काढून थेट बॅटरीच्या मायनसला धरला, तर चांगला उजळ झाला. "बल्ब बदलून काय व्हवचा नाय. अर्थिंग बघ आधी," म्हणाले. आम्ही तासभर आकडे मांडून जे काढलं ते त्यांनी चहा यायच्या आत दाखवलं. हा बल्ब स्वतःच पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून मीटरसारखा फसत नाही. भाच्याने लगेच फोटो काढून घेतला.

स्क्रू खोलला. खाली नवाकोरा रंग. पेंटरने मडगार्ड आतून-बाहेरून छान रंगवला आणि वायरीचं कडं त्या रंगावरच आवळून टाकलं. करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांमधून, आणि समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असल्याने त्या आट्यांनाही गंज धरायला लागला होता. नाण्याएवढी जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, नवं पितळी कडं वायरीवर चिमट्याने दाबून बसवलं, म्हणजे क्रिम्प केलं, खाली दातेरी वॉशर, आवळून वरून पेट्रोलियम जेली. जेली आवळल्यानंतर लावायची. जोड धातूला धातू लागून व्हायला हवा, जेली फक्त हवा आणि पाणी बाहेर ठेवायला.

डावीकडची अर्थिंग गळती १.० वरून ०.०५ वर आली. फडफड बंद, इंडिकेटर ठणठणीत. उजवीकडेही तेच केलं.

काकांनी जाताजाता इंजिन आणि चासीमधली विणलेली अर्थपट्टी हलवून बघितली. ती तुटली तर सेल्फचा करंट चोकच्या नाहीतर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जायला लागतो आणि केबल तापून चिकटते. टॅक्सीवाले दर पावसाळ्यात नव्या केबल टाकायचे आणि पट्टीकडे कोणी बघायचं नाही, म्हणाले. आमची शाबूत आहे.

११ मे, रविवार

प्लसच्या बाजूचे १.४ व्होल्ट. तुकड्यातुकड्याने मोजले, दिवे चालू ठेवूनच.

बॅटरीपासून स्विचपर्यंत ०.३. स्विचच्या आत ०.५. फ्यूजवर ०.३. फ्यूजपासून दिव्यापर्यंत ०.३.

एकही आकडा एकटा बघितला तर घाबरण्यासारखा नाही, म्हणूनच हा दोष कोणाला सापडत नाही. स्विच मात्र पाव तासात हात लावू देईना. अर्धा व्होल्ट गुणिले नऊ-दहा अँपिअर म्हणजे चार-पाच वॉटची उष्णता त्या चिमुकल्या संपर्कबिंदूंवर. वास तिथूनच.

फ्यूज जुन्या टॉर्पेडो पद्धतीचे: चिनी मातीचा दांडा, वरून धातूची पट्टी, दोन टोकांना टोकदार टोप्या, आणि त्या पितळी चिमट्यांत अडकवायच्या. चिमट्यांना हिरवा कळंक चढलेला. बारीक ब्रशने घासले, चिमटे आत वाकवून ताण वाढवला, फ्यूज गोल फिरवून बसवले. ०.३ चे ०.१ झाले. वायरी कडक झाल्यात, टोकाचं तांबं काळं पडलंय.

आता मार्ग दोन. सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, नवं करायचं, किंवा रिले बसवायचे (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). हार्नेस नवं केलं तरी दिव्यांचा सगळा करंट त्या पन्नास वर्षांच्या स्विचमधूनच जाणार, आणि तसा स्विच आता नव्याने मिळत नाही. त्याला वाचवायचं तर त्याच्यावरचं ओझं काढायला हवं. रिले.

"पण मग गाडी ओरिजिनल कशी राहिली?" हा प्रश्न घरात, क्लबात, सगळीकडे येणार. २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पाटीवर 'व्हीए' येतं, नवीन नोंदणीचे २०,००० रुपये. त्यात मूळ स्वरूपाचा मुद्दा चासी, बॉडी आणि इंजिनाचा आहे. रिलेने त्यातलं काही हलत नाही. माझी अडचण दुसरीच: व्हीए पाटी घेतली की गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. मला ही गाडी चालवायची आहे. यंदा पन्नाशी भरते म्हणून अर्ज करायलाच हवा असं नाही. तूर्त नाही.

तरी एक नियम स्वतःला घालून घेतला: मूळ वायर एकही कापायची नाही, बॉडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. उद्या कोणाला सगळं काढायचं झालं तर अर्ध्या तासात निघालं पाहिजे.

१४ मे, बुधवार, रात्री

ऑफिसातून आल्यावर फक्त बॅटरी उतरण्याचा प्रश्न घेतला. मायनसची वायर काढून मध्ये मीटर, दहा अँपिअरच्या खाचेत. (या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटर जातो.) सगळं बंद असताना ०.३८ अँपिअर. दिवसाला नऊ अँपिअर-तास, आणि बॅटरी ३५ ची. दोन दिवसांत निम्मी रिकामी, तेव्हा सेल्फ कण्हणारच.

पहिला संशय डायनॅमोच्या कटआउटवर होता. इंजिन थांबल्यावर बॅटरीचा करंट डायनॅमोत उलटा जाऊ नये म्हणून ते संपर्क उघडावे लागतात. चिकटले असते तर आकडा याच्या कितीतरी पट आला असता आणि रेग्युलेटरची डबी गरम लागली असती. थंडगार होती. मग एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर मीटर शून्यावर.

त्या फ्यूजला चिकटलेली एक लाल वायर ग्लोव्हबॉक्सच्या मागे गेलेली. टोकाला कॅसेट प्लेअरचा अॅम्प्लिफायर, प्लेअर स्वतः केव्हाच गायब. नव्वदच्या दशकापासून हा गृहस्थ अंधारात बसून वीज पितोय. काढला.

१७ मे, शनिवार

खरेदी. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे ३० अँपिअरचे चार पायांचे दोन रिले, हेडलाइटच्या एच-४ बल्बचे चिनी मातीचे सॉकेट दोन, झाकणवाले ब्लेड फ्यूजहोल्डर चार. लोहार चाळीतून २.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर, लाल आणि काळी. लॅमिंग्टन रोडवरून क्रिम्पिंगचा चिमटा, चांगला, किरर्र आवाज करत पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारा.

वायरीच्या जाडीत कंजूषी नको. एक चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर १० अँपिअरला ०.९ व्होल्ट खाते, अडीचची तेवढ्यातच ०.३७. एका दुकानदाराने "साहेब, हेडलाइटला एकची पुरते, सगळे नेतात" असं ऐकवलं. सगळे नेतात हे खरंच आहे.

१८ मे, रविवार

जोडणी, पुढे कधी उघडावं लागलं तर हाताशी असावी म्हणून सविस्तर:

चार फ्यूज, शक्य तितके बॅटरीजवळ. डावा लो, उजवा लो, डावा हाय, उजवा हाय, प्रत्येकाला वेगळा साडेसात अँपिअरचा. सगळ्यांना मिळून एकच फ्यूज सोपा पडतो, पण तो उडाला की दोन्ही दिवे एकदम जातात, आणि ते नेमकं घाटात होतं. असं वेगळं ठेवायचं तर फ्यूज रिलेच्या नंतर येतात, म्हणून बॅटरी ते रिले या हातभर वायरीला आणखी एक ३० चा फ्यूज वेगळा दिला. तो बॅगेत शिल्लक होता.

रिलेच्या ३० नंबरच्या पायाला बॅटरी, ८७ ला दिव्यांकडे जाणारी वायर, ८५ अर्थ, ८६ ला जुन्या डाव्या हेडलाइटच्या प्लगमधला करंट. एक रिले लोला, एक हायला. जुना प्लग जसाच्या तसा, त्यात चपट्या पिना घातल्या. आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, ०.१५ अँपिअर. उजव्या दिव्याचा जुना प्लग टेप मारून बाजूला बांधून ठेवला.

दोन्ही रिले बॅटरीच्या ट्रेमागे, ट्रेच्याच बोल्टवर. पाय खाली, म्हणजे पाणी आलं तरी निथळून जाईल. बॉनेट उघडल्यावर शोधावे लागतात.

क्रिम्प की नुसता पीळ यावर काकांशी वाद. त्यांचं म्हणणं, तारा पिळून वर घट्ट टेप मारली की टॅक्सी दहा वर्षं चालते, त्यांनी चालवल्यात. माझं म्हणणं, त्या टॅक्सी रोज धावत होत्या आणि त्यांना रोज बघणारे तुम्ही होता. शेवटी क्रिम्प झाले, आणि त्यांनी प्रत्येक क्रिम्प सगळा जोर लावून ओढून पाहिला. दोन निघाले. ते परत केले.

इंजिन बंद, लो चालू: बॅटरी १२.१, डावा ११.७५, उजवा ११.७. डाव्या दिव्याचा उजेड जवळपास दुप्पट. भिंतीवरचा प्लास्टरचा तडा पहिल्यांदाच दिसला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनाही दिसला, त्यावर मीटिंगमध्ये चर्चा होणार आहे.

२६ मे, सोमवार

पाऊस. नुसता नव्हे, मान्सूनच. मुंबईत ११ जूनला यायचा तो आज हजर, हवामान खात्याच्या म्हणण्यानुसार १९५० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा. वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशन पाण्यात. ऑफिस घरूनच.

गाडीवर ताडपत्री होती. तरी संध्याकाळी उघडून पाहिलं. रिले कोरडे. जुन्या फ्यूजबॉक्समध्ये मात्र फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायरीच्या रबरातून ओल उतरलेली. रबर दगडासारखं झालंय. नवीन मिळेपर्यंत सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

१ जून, रविवार

पावसात एक फेरी: दादर, माहीम, सी लिंकच्या तोंडाजवळून परत. दिवे, वायपर, ब्रेक, सगळं एकत्र. सिग्नलला उभं राहिलं की डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि हेडलाइट जरा उतरतात. हा दोष नाही, डायनॅमोचा स्वभाव आहे. गाडी उभी, इंजिन नुसतं आयडलिंगवर, तेव्हा तो बॅटरीला काही देत नाही आणि दिव्यांचे १० अँपिअर, वायपर, इग्निशन, सगळं बॅटरीच सोसते. मोकळ्या रस्त्यावर फेडून टाकतो. पण मुंबईत जूनच्या संध्याकाळी मोकळा रस्ता कुठून आणायचा?

जेवढं करता येईल तेवढं केलं. पट्टा सैल होता, अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबेल इतका ताणला. कार्बन ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक, पण ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा. बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केला. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण फटींत राहून शॉर्ट करतात. रेस दिल्यावर दिव्यांसकट बॅटरीवर १३.८, दिव्यांवर १३.४.

इंजिन मंद असतानाही चार्ज देणारा अल्टरनेटर बसवावा का? पद्मिनीला बसतो, अनेकांनी बसवलाय, आणि रोज ऑफिसला नेणार असतो तर मीही बसवला असता. महिन्यातून चार-दोन फेऱ्यांसाठी नको. त्याऐवजी शिस्त: सिग्नल लांबला तर हेडलाइट बंद करून पार्किंगवर.

एलईडीचंही विचारून झालं भाच्याचं. करंट वाचेल हे खरं. पण या काचा आणि रिफ्लेक्टर तंतूच्या नेमक्या जागेसाठी घडवलेले आहेत. एलईडीचा उजेड त्यात विस्कटतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्त्यावर कमी पडतो. इंडिकेटरला तर अजिबात नाही, जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून टिकटिक करतो, करंटच नसेल तर तो गप्प बसेल.

७ जून, शनिवार, रात्री

फोकस. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून साडेसात मीटर, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी भाचा (वजनाने फरक पडतो). भिंतीवर दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर खडूची रेघ, तिच्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी. लो बीमची कड दुसऱ्या रेघेवर आणली.

इथे एक गोष्ट निघाली. उजव्या काचेचा उजेड उजवीकडे वर चढत होता, डाव्या काचेचा डावीकडे. आपण डावीकडून चालतो, म्हणजे वर चढणारा भाग डावीकडे, फूटपाथच्या बाजूलाच हवा. उजवी काच उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनलेली. कधीतरी काच फुटली असेल आणि सात इंची गोल मिळाली तशी कोणीतरी लावून दिली असेल. स्क्रू कितीही फिरवले तरी ती समोरच्याला आंधळं करणारच होती. मंद उजेडात आजवर कोणाला बोचलं नाही एवढंच.

१५ जून, रविवार

काच चोर बाजारात मिळाली, शुक्रवारी. काचेवरच्या रेघा डाव्या काचेशी ताडून घेतली. बसवली, फोकस परत केला.

रात्री आरेतून पवईपर्यंत गेलो, शहरात अंधार शोधायचा तर तिथेच. रिमझिम होती. लो बीमला डावी कड, खड्डे, छत्री घेऊन चालणारा माणूस, सगळं वेळेत दिसलं. समोरून येणाऱ्या एकानेही डिपर मारला नाही. मरोळ नाक्याच्या पुढे थांबून स्विचला हात लावला: कोमट सुद्धा नाही.

शिल्लक कामं: हॉर्नला रिले (हॉर्न वाजवला की आतला दिवा अजून डोळा मारतो), फायरवॉलचं रबर, आणि पेट्रोलचा काटा, जो ब्रेक दाबला की पाव टाकी दाखवतो. टाकीच्या तळाची अर्थिंग असणार. मागच्या ब्रेकलाइटचीही तिथेच आहे. पेंटर तिथेही पोचला होता.